डांबरी रस्त्यावरची पिढी

आमच्या शाळेच्या कार्यालयात, भिंतीवरच्या घड्याळाखाली, एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सर्वांत खालच्या कप्प्यात कुणीच न्यायला न आलेल्या दहावीच्या गुणपत्रिकांचे आणि दाखल्यांचे गठ्ठे आहेत. कुणी गोव्याला हॉटेलात लागला, कुणी पुण्याला कारखान्यात गेला, कुणा मुलीचे लग्न झाले; कागद तेवढे मागे राहिले. दर मे महिन्यात कपाट झाडताना आमचे शिपाईमामा विचारतात, "सर, ह्येंचं काय करूया?" आणि दर मे महिन्यात मी सांगतो, "असू द्या की. येतील कधीतरी."

असेच एक कपाट आफ्रिकेतल्या केनिया देशात, व्हिक्टोरिया सरोवरापासून जवळच असलेल्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत आहे. त्या शाळेचा मुख्याध्यापक माझा मित्र. आमच्या कपाटातले कागद कुणी मागायला येत नाही म्हणून पडून होते. त्याच्या कपाटातले, मुले मागायला येत आणि देता येत नसे म्हणून. त्या कपाटाची आणि ज्यांची नावे त्या कागदांवर होती त्या मुलांची हकीकत सांगावी, असे गेले वर्षभर मनात आहे. पण ती सांगायची तर मला आधी स्वतःची एक जुनी चूक कबूल केली पाहिजे.

१९९१ साली मी एम.ए. करायला पुण्याला गेलो. सीमाभागातल्या खेड्यातून आलेला मुलगा. माझ्या मराठीत कानडी हेल, आणि तोंडातून 'काय की' निघाले की वर्गात खसखस पिकायची. वसतिगृहाच्या भोजनालयात माझ्या शेजारी बसायला फारसे कुणी उत्सुक नसे. आणखी एकाच्या शेजारीही कुणी बसत नसे. तो केनियाचा. त्या काळी केनिया, टांझानिया, सुदान, इथिओपिया इथली पुष्कळ मुले पुण्यात शिकत असत. त्यांच्या देशांत विद्यापीठांच्या जागा थोड्या, आणि पुण्याची फी परवडणारी. आम्ही दोघे उरलेले म्हणून एका टेबलावर आलो आणि दोन वर्षे त्याच टेबलावर जेवलो.

लोक त्याला विचारीत, "तुमच्याकडे सिंह असतात ना?" तो शांतपणे म्हणे, "असतात. नैरोबी शहराला लागूनच त्यांचं उद्यान आहे. पण मी स्वतः पहिला सिंह पाहिला तो इथं पुण्यात, पिंजऱ्यात." त्याची मातृभाषा लुओ, शाळेत शिकलेली स्वाहिली, आणि परीक्षेची भाषा इंग्रजी. त्याला आणि मला एक छंद लागला, स्वाहिलीतले आपले शब्द हुडकण्याचा. अरबी समुद्रावरून शतकानुशतके गलबते ये-जा करीत होती, त्यांतून शब्दही गेले. पुस्तकाला ते किताबु म्हणतात, लेखणीला कलामु, दुकानाला दुका, गाडीला गारी, हिशेबाला हेसाबु, विम्याला बीमा. चपाती तर चपातीच. शिक्षकाला म्वालिमु म्हणतात. आपल्याकडच्या उर्दू शाळेतला मुअल्लिम तोच. मी पुढे मास्तर होणार हे ठरलेले होते, म्हणून तो मला तेव्हापासून म्वालिमु म्हणू लागला. आजही म्हणतो.

दुसऱ्या वर्षी वसतिगृहात जागा मिळाली नाही. दोघांनी मिळून एक खोली घ्यावी म्हणून आम्ही एका जुन्या वाड्यात गेलो. मालकांनी माझी चौकशी केली, गाव विचारले, आडनाव विचारले. मग त्याच्याकडे न बघता मला मराठीत म्हणाले, "तुला देतो. त्याला नाही. रंग बघितलास का त्याचा? शेजारीपाजारी काय म्हणतील?" मित्राने मला इंग्रजीत विचारले, काय म्हणतात? मी सांगितले, "खोली कालच गेली म्हणे."

आम्ही परत निघालो. बराच वेळ तो काही बोलला नाही. पूल ओलांडताना सहज बोलावे तसे म्हणाला, "आमच्या स्वाहिलीत रंगाला रांगी म्हणतात."

एवढेच. पुढच्या आठवड्यात ती खोली मी घेतली. तो तिथे कधी आला नाही आणि मी कधी बोलावले नाही. ग्रंथालयात, चहाच्या टपरीवर आम्ही भेटत राहिलो, मैत्री तुटली नाही; पण त्या खोलीचा विषय पुढे तीस वर्षे आम्हा दोघांपैकी कुणीही काढला नाही.

त्याच्या पलंगाशेजारी भिंतीवर एक छायाचित्र चिकटवलेले असे. एक धिप्पाड पोरगा धावतो आहे, त्याच्या हातांवर एका लहान मुलाचे निपचित शरीर, आणि शेजारून आक्रोश करीत धावणारी मुलगी. दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोमधले, १६ जून १९७६ चे, सॅम न्झिमा या छायाचित्रकाराने टिपलेले ते दृश्य. हातांवरचा मुलगा हेक्टर पीटरसन, वय १२, आणि शेजारी त्याची बहीण. कृष्णवर्णीय मुलांना शाळेत निम्मे विषय आफ्रिकान्स भाषेतून, म्हणजे राज्यकर्त्या गोऱ्यांच्या भाषेतून, शिकवावेत असा हुकूम १९७४ साली निघाला होता. मास्तरांनाच ती भाषा धड येत नव्हती, मग पोरांना गणित त्या भाषेतून काय समजणार? मुले शाळांतून बाहेर पडली, मोर्चा निघाला, आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शाळेची भाषा कोणती, हा प्रश्न रक्ताचा होऊ शकतो हे सीमाभागात वाढलेल्या मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे १९९१ पासून आफ्रिकेतले देश १६ जून हा दिवस आफ्रिकन बालक दिन म्हणून पाळू लागले.

एन्गुगी वा थियोंगो या केनियन लेखकाचे, वसाहतीच्या भाषेने मनावर बसवलेल्या जोखडाविषयीचे १९८६ सालचे पुस्तक त्यानेच मला वाचायला दिले. शाळेच्या आवारात आपली गिकुयू भाषा बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत, किंवा तो मूर्ख आहे, गाढव आहे अशा अर्थाची पाटी त्याच्या गळ्यात अडकवली जाई, असे लेखकाने लिहून ठेवले आहे. पुढे त्याने इंग्रजीतून कादंबऱ्या लिहिणे सोडले आणि गिकुयूत लिहू लागला; तुरुंगात असताना शौचालयाच्या कागदावर त्याने कादंबरी लिहिली. मे २०२५ मध्ये तो वारला तेव्हा मित्राचा संदेश आला, "म्वालिमु, आपला मास्तर गेला."

१९९३ साली तो मायदेशी परतला. पुण्याला येण्याचे त्याचे भाडे गावाने जमवले होते. केनियात या रीतीला 'हरांबे' म्हणतात. सारे मिळून ओढू या, असा त्याचा अर्थ. १९६३ साली देश स्वतंत्र झाल्यावर तिथल्या शेकडो शाळा अशाच हरांबेतून उभ्या राहिल्या. कुणी विटा दिल्या, कुणी कोंबडी, कुणी दोन दिवसांची मजुरी. एखादा हुशार मुलगा परदेशी निघाला तर त्याच्यासाठीही हरांबे होई. वडिलांनी दोन गाई विकल्या, बाकीचे गावाने दिले. त्या ऋणापोटी तो गावाजवळच्या शाळेत मास्तर झाला आणि कालांतराने मुख्याध्यापक झाला. इकडे मीही त्याच वाटेने चाललो होतो. आधी पत्रे, मग ई-मेल, मग मोबाइलवरचे संदेश. आमच्या बोलण्याचा विषय बहुधा एकच असे, पोरे आणि त्यांचे पुढे काय होते.

आफ्रिका हा ५४ देशांचा खंड आहे. त्याच्याबद्दल एका वाक्यात बोलणे म्हणजे बेळगाव ते मणिपूर एका वाक्यात सांगण्यासारखे आहे. तरी एक गोष्ट बहुतेक सर्वत्र खरी आहे. हा जगातला सर्वांत तरुण खंड आहे. तिथली निम्मी माणसे साधारण १९ वर्षांच्या आतली आहेत. आफ्रिकन विकास बँक गेली कित्येक वर्षे सांगत आली आहे, की दरवर्षी १ कोटी ते १ कोटी २० लाख तरुण कामाच्या शोधात बाहेर पडतात आणि नियमित पगाराच्या नोकऱ्या निर्माण होतात त्या ३० लाखांच्या आसपास. दक्षिण आफ्रिकेत, ज्या मुलांसाठी सोवेटोची मुले मेली त्या स्वतंत्र देशात, ३५ वर्षांखालच्या तरुणांमधली बेकारी २०२५ साली ४५ टक्क्यांच्या घरात होती. आफ्रिकान्सची सक्ती गेली, मतदानाचा हक्क आला, काम मात्र आले नाही.

हे आकडे झाले. मला ते समजले मित्राच्या मुलामुळे.

मुलगा १९९५ चा. गणितात हुशार. बापाने त्याला बी.एड. केले, कारण केनियातल्या शाळांत शिक्षक कमी आहेत हे मुख्याध्यापक बापाला रोज दिसत होते. २०१८ साली मुलगा पदवीधर झाला, शिक्षक म्हणून त्याची सरकारी नोंदणीही झाली. आणि मग वाट बघणे सुरू झाले. एकीकडे वर्गात एकेका मास्तरापुढे साठ-सत्तर पोरे, आणि दुसरीकडे नोंदणी झालेले पण नेमणूक नसलेले शिक्षक लाखांच्या घरात. सरकारकडे पगाराला पैसे नाहीत. आपल्याकडे डी.एड., बी.एड. करून बसलेली मुले ज्यांच्या घरात आहेत, त्यांना मी वेगळे काय सांगू?

केनियात नोकरी शोधण्याला एक शब्द आहे, 'टार्मॅकिंग'. म्हणजे डांबरावर चालणे. हातात प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन शहरातल्या डांबरी रस्त्यांवर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत बुटाचे तळवे झिजेपर्यंत फिरणे. मित्राचा मुलगा दोन वर्षे डांबरावर होता. त्यात आणखी एक गंमत. अर्जासोबत कसले कसले दाखले लागत: पोलिसांचा वर्तणुकीचा, कर खात्याचा, भ्रष्टाचारविरोधी आयोगाचा, कर्जाची थकबाकी नसल्याचा आणि शिक्षणकर्ज फेडत असल्याचा. काहींना पैसे पडत. शिक्षणकर्ज फेडायला नोकरी हवी आणि नोकरीच्या अर्जाला कर्जफेडीचा दाखला हवा! मुलाने बापाला विचारले, "बाबा, या गणिताचं उत्तर तुमच्या कुठल्या पुस्तकात आहे?"

मग २०२० साल आले, शाळाच बंद पडल्या. मुलगा नैरोबीत एका मित्राच्या खोलीवर राहून संगणकावर काम करू लागला. काम कसले, तर अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या महाविद्यालयीन मुलांचे निबंध आणि प्रबंध लिहून देण्याचे. केनियात हा मोठा धंदाच झाला होता. इंग्रजी चांगले, पदवी हातात, वेळ हवा तेवढा. हजारो तरुण रात्री जागून परक्या पोरांच्या पदव्या लिहीत होते. मित्राला हे कळले तेव्हा तो दोन दिवस मुलाशी बोलला नाही. मुख्याध्यापकाचा मुलगा नकला लिहून देतो! तिसऱ्या दिवशी मुलाने विचारले, "मी लिहिलेल्या निबंधांना ते पहिला वर्ग देतात. मग मला का कुणी घेत नाही?" बापाकडे उत्तर नव्हते. पुढे २०२३ च्या सुमारास निबंध लिहून देणारी यंत्रेच आली आणि ते कामही आटले.

आता तो बोडा-बोडा चालवतो. मोटारसायकलवर मागे माणूस बसवून भाड्याने नेण्याला तिकडे बोडा-बोडा म्हणतात. युगांडा-केनियाच्या सीमेवर सायकलीवरून माणसे नेणाऱ्यांपासून हा शब्द निघाला. मोटारसायकल कर्जाऊ, हप्ता रोजचा. पैसे मोबाइलवर येतात आणि मोबाइलवरूनच जातात. २००७ साली केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय निघाली तिचे जगभर कौतुक झाले. आज त्याच मोबाइलवर झटपट कर्ज मिळते आणि त्याच मोबाइलवर फुटबॉलच्या सामन्यांवर सट्टाही लागतो. सकाळी कर्ज, दुपारी सट्टा, रात्री पुन्हा कर्ज, अशी कित्येक पोरांची दिवसाची वाटणी झाली आहे.

थोरली मुलगी परिचारिका. तिलाही देशात कायमची नोकरी लागली नाही. ती सौदी अरेबियात आहे आणि तिच्या पैशातून भावाचे कर्ज, चुलतभावंडांची फी आणि आजीचे औषध निघते. एकट्या मिळवत्या माणसावर साऱ्या गोतावळ्याचा भार पडतो त्याला दक्षिण आफ्रिकेतली मुले 'ब्लॅक टॅक्स' म्हणतात, म्हणजे काळ्या कातडीवरचा कर. शब्द कडू आहे. मित्राला तो आवडत नाही. "हरांबे म्हणायचो आम्ही ह्याला," तो म्हणतो. मला वाटते दोन्ही शब्द खरे आहेत. ज्या हरांबेने बापाला पुण्याला पाठवले, तीच आता मुलीच्या पाठीवर बसली आहे. ओढणारे हात कमी झाले, एवढाच फरक.

लुओ लोकांत वयात आलेला मुलगा बापाच्या आवारातच स्वतःची वेगळी झोपडी बांधतो. तिला 'सिंबा' म्हणतात. स्वाहिलीत सिंबा म्हणजे सिंह, लुओ भाषेत मात्र ही कुमाराची खोली. तिथे काही वर्षे राहायचे, मग गाई देऊन लग्न करायचे आणि आपले घर थाटायचे, अशी रीत. मित्राचा मुलगा २९ वर्षांचा झाला तरी गावी आला की त्याच सिंबात झोपत होता. मुलगी पसंत होती, गाईंना पैसे नव्हते. मूलपण संपले आहे आणि मोठेपण सुरू होत नाही, अशा या मधल्या अवस्थेवर आल्सिंदा होन्वाना या मोझांबिकच्या विदुषीने २०१२ साली पुस्तक लिहिले आहे. आफ्रिकेत हा ताटकळण्याचा काळ हेच तारुण्य होऊन बसले आहे, असे तिचे म्हणणे. हातावर हात ठेवून ही मुले बसलेली नसतात. दिवसाला चार कामे करतात. पण त्या कामांतून घर उभे राहत नाही.

मे २०२४ मध्ये केनिया सरकारने नवे वित्त विधेयक आणले. देशावर कर्जाचा डोंगर, ते फेडायला करवाढ. पावावर कर, खाद्यतेलावर कर, वाहनांवर कर. आजवर असली विधेयके इंग्रजीतल्या जाड पुस्तकात यायची आणि कुणी वाचायचे नाही. या वेळी शिकून रिकाम्या बसलेल्या पोरांनी ते वाचले. कलम न् कलम फोड करून स्वाहिलीत, आपापल्या मातृभाषांत आणि नैरोबीच्या गल्लीतल्या शेंग बोलीत समजावून सांगितले. मोबाइलवर दोन-दोन मिनिटांची चित्रे करून घरोघर पोचवले. मित्राच्या मुलाने लुओ भाषेत आपल्या आजीला सांगितले, भाकरी भाजायच्या तेलावर किती कर बसणार आहे ते. मित्र म्हणाला, "म्वालिमु, माझ्या उभ्या नोकरीत मी पोरांना एवढा चांगला अर्थशास्त्राचा पाठ दिलेला नाही."

मुले रस्त्यावर आली ती कुणा पुढाऱ्याच्या मागे नव्हती. आम्हाला पक्ष नाही, नेता नाही आणि जमात नाही, असे ती म्हणत होती. यातल्या शेवटच्या शब्दाची किंमत समजायला केनियाचा इतिहास ठाऊक हवा. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर जमातीजमातींत जी कत्तल झाली तिच्यात अकराशेहून अधिक माणसे मेली. मित्राच्या शाळेत तेव्हा काही आठवडे पळून आलेली कुटुंबे राहत होती. त्याच लुओ आणि गिकुयू घरांतली पोरे २०२४ मध्ये एकमेकांचा हात धरून उभी होती. भाषा प्रत्येकाची आपली, गाऱ्हाणे एक. दोन भाषांच्या सांदीत आयुष्य काढलेल्या आपल्यासारख्या माणसांनी हे दृश्य जरा थांबून बघावे, असे मला वाटते.

२५ जून २०२४ ला मुले नैरोबीत संसदेत घुसली. गोळीबार झाला, माणसे मेली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी विधेयकावर सही करणार नाही असे जाहीर केले. पण तेवढ्याने मेलेली मुले परत येणार नव्हती. मित्राचा मुलगा त्या दिवशी नैरोबीत होता. दोन रात्री त्याचा फोन लागला नाही. त्या दोन रात्री मित्र मला संदेश पाठवत होता, मी त्याला. आमची सौ. देवासमोर दिवा लावून बसली होती. जिला केनिया नकाशात दाखवता येणार नाही, ती बाई एका परक्या पोरासाठी जागत होती. तिसऱ्या दिवशी मुलाचा आवाज आला. पायाला लागले होते, बाकी ठीक होता.

त्यानंतर आठवड्याने मित्राचा एक लांबलचक संदेश आला. त्यात त्याने प्रथमच तो विषय काढला.

त्याने लिहिले होते: "तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, शिका, शिकलात की आत तुमच्यासाठी खोली आहे. माझ्या स्वतःच्या पोरालाही तेच सांगितलं. खोली नव्हती, आणि निदान गेली दहा वर्षं मला ते माहीत होतं. पुण्यात तू मला सांगितलंस की खोली गेली, आणि ती होती. खोटं आपण दोघंही बोललो, म्वालिमु. तू मला वाईट वाटू नये म्हणून बोललास, मी पोरांना वाईट वाटू नये म्हणून बोललो. पोरांना वाईट वाटायचं ते वाटलंच."

तो संदेश मी शाळेच्या कार्यालयात वाचला. बाहेर प्रार्थनेची घंटा झाली होती. त्या दिवशी प्रार्थनेनंतर नेहमीप्रमाणे चार शब्द बोलायला मी उभा राहिलो, आणि 'शिकाल तर मोठे व्हाल' हे वाक्य तोंडातून बाहेर पडेना. रात्री मी त्याला लिहिले, की मी घाबरट होतो, आणि ती खोली मीच घेतली हे त्याला ठाऊक असेलच. त्याने उत्तर पाठवले, "ठाऊक आहे. तुझ्या पत्रावर पत्ता होता." तीस वर्षे त्याच्याकडे माझी ती पत्रे होती, आणि तो मला म्वालिमु म्हणत होता.

मग त्याने आपले कपाट उघडले. त्याच्याकडच्या शाळांत एक प्रथा पडली आहे. ज्याची फी थकली त्याचे अंतिम परीक्षेचे प्रमाणपत्र शाळा अडवून ठेवते. कायद्याने तसे करता येत नाही, सरकार अधूनमधून फर्मानेही काढते. पण शाळेचा स्वयंपाकी, पहारेकरी, मक्याचा व्यापारी यांचे पैसे फीमधूनच भागवायचे असतात, म्हणून मुख्याध्यापक कागदाला कुलूप लावतो. माझा मित्रही त्यांतलाच. त्याची दोन खोकी भरली होती. त्याने चर्चमध्ये, बाजारात, बोडा-बोडाच्या अड्ड्यावर निरोप धाडले: या, आपापले कागद घेऊन जा, पैसे मागणार नाही. व्यवस्थापन मंडळाने त्याला जाब विचारला. तो म्हणाला, "बाकी माझ्या पगारातून कापा. ह्या कागदाला बाहेर काही किंमत उरलेली नाही, मग निदान आपण तरी तो ओलीस का ठेवावा?"

लोक येऊ लागले. त्यांत चाळिशीकडे झुकलेला एक गवंडी होता. सिमेंटचे हात पँटला पुसून त्याने कागद घेतला, घडी घालू लागला. मित्र म्हणाला, "घडी नको घालूस, कुठं दाखवायला लागेल." गवंडी हसला. "आता कुणाला दाखवू, सर? पोराला दाखवतो."

मी पुष्कळ विचार केला. मुलांनी विधेयक वाचले, ते त्यांना वाचता येत होते म्हणून. आजीला तिच्या भाषेत समजावले, ते त्यांना दोन्ही भाषा येत होत्या म्हणून. म्हणजे माझ्या मित्राने शिकवलेले वाया गेले नाही. त्याच्या जोडीने दिलेले आश्वासन तेवढे खोटे होते. शाळेने पोराला वाचायला, हिशेब मांडायला आणि विचारायला शिकवावे. खोलीची किल्ली आपल्या खिशात आहे असा आव आणू नये. ती किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना जाब विचारायचे काम मग पोरे करतात. कधी फार मोठी किंमत देऊन करतात. आपण निदान त्यांच्या वाटेत कपाट घेऊन उभे राहू नये.

मित्राचा मुलगा अजून बोडा-बोडाच चालवतो. संध्याकाळी आपल्या सिंबात आठ-दहा पोरांना फुकट गणित शिकवतो. नेमणुकीचे पत्र आलेले नाही.

या वर्षी मे महिन्यात शिपाईमामांनी कपाट झाडायला काढले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटले, "काढा बाहेर सगळं." आम्ही दोघे फरशीवर बसलो. गठ्ठे सोडले. जुन्या पटावरून पत्ते काढले, कुणाच्या भावाकडून, कुणाच्या शेजाऱ्याकडून फोन नंबर मिळवले. पहिला फोन लागला तो गोव्याला, २००९ साली दहावी झालेल्या एका मुलाला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"सर? तुम्ही? काय झालं, सर?"

"काही नाही रे. तुझी गुणपत्रिका आहे इथं. पाठवतो. पत्ता सांग."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आता कशाला, सर?"

"तुझी आहे म्हणून," मी म्हटले.